इसिल आणि इथिल : टोल्कीनच्या कल्पित भाषांतील ध्वनिविचार

जे. आर. आर. टोल्कीन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या महाकथेच्या पूर्वेतिहासात दोन राजबंधू आहेत. थोरल्याचे नाव इसिल्दुर, धाकट्याचे अनारिओन. थोरल्याच्या नगराचे नाव मिनास इथिल, म्हणजे चंद्राचा बुरूज. धाकट्याच्या नगराचे मिनास अनोर, म्हणजे सूर्याचा बुरूज. एक भाऊ चंद्राच्या नावाचा, दुसरा सूर्याच्या; नगरेही तशीच. परंतु राजपुत्राच्या नावातील चंद्र ‘इसिल’ आहे, तर नगराच्या नावातील चंद्र ‘इथिल’. त्याचप्रमाणे एकीकडे सूर्य ‘अनार’ आहे आणि दुसरीकडे ‘अनोर’. कथा वेगाने पुढे जात असते आणि बहुतेक वाचक या भेदाजवळ थबकतही नाहीत. वस्तुतः हा मुद्रणदोष नव्हे की लहरही नव्हे. राजपुत्रांची नावे क्वेन्या भाषेतील आहेत आणि नगरांची सिंदारिन भाषेतील. या दोन्ही भाषा एका मूळ भाषेच्या शाखा असून मूळचा ‘थ’ हा ध्वनी एका शाखेत ‘स’ झाला, दुसरीत तसाच राहिला. (येथे आणि पुढेही या भाषांच्या संदर्भात ‘थ’ या अक्षराने मराठीतील महाप्राण स्पर्श समजावयाचा नसून, जीभ दातांना टेकवून वाऱ्याने घासत काढलेला, इंग्रजी ‘थिंग’ या शब्दारंभीचा घर्षक ध्वनी समजावयाचा आहे.)

एका स-थ भेदासाठी एवढी सिद्धता करणाऱ्या लेखकाविषयी समीक्षेने काय म्हणावे, हा प्रश्न अजूनही समाधानकारकपणे सुटलेला नाही. १९५६ मध्ये एडमंड विल्सन यांनी या कृतीची संभावना बालवाङ्मयाची अवास्तव वाढ आणि भाषाशास्त्रीय कुतूहलाची एक वस्तू अशी केली. उलटपक्षी टोल्कीन यांनी १९५५ च्या सुमारास पत्रांतून असे सांगितले, की आपली कृती मुळातच भाषिक प्रेरणेची आहे. कथेसाठी भाषा रचल्या नाहीत, तर भाषांना राहावयास जग हवे म्हणून कथा रचली. या विधानाचा आदर पुष्कळांनी केला, पण तो बहुधा उगमशोधापुरता राहिला. क्वेन्यामागे फिनिश आहे, सिंदारिनमागे वेल्श आहे, हे सांगून झाले की विवेचन संपले असे मानण्याची रीत पडली. ध्वनी कोठून आले याचे उत्तर त्यातून मिळते. ते कृतीत कोणते कार्य करतात याचे उत्तर मिळत नाही.

उगमाची कथा थोडक्यात सांगता येते. १८९२ मध्ये जन्मलेल्या टोल्कीनना शाळेतच जोसेफ राइट यांचे गॉथिक भाषेचे प्राथमिक पुस्तक मिळाले. पुढे ऑक्सफर्डला एक्झेटर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात फिनिश भाषेचे एक व्याकरण हाती लागले. उत्तम मद्याने भरलेले तळघरच सापडावे तशी आपली अवस्था झाली, असे त्यांनी नंतर कवी ऑडन यांना लिहिले. १९१५ मध्ये त्यांनी क्वेन्याचा पहिला शब्दसंग्रह सिद्ध केला आणि १९१७ च्या सुमारास दुसऱ्या, वेल्शच्या वळणाच्या भाषेचा. ‘द हॉबिट’ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा या भाषांना वीस वर्षे होऊन गेली होती. मात्र व्युत्पत्तिकोश वाचकांपुढे आला तो १९८७ मध्ये. १९१५ चा शब्दसंग्रह १९९८ मध्ये. म्हणजे विल्सन यांच्यापुढे जे नव्हते ते आजच्या समीक्षकापुढे आहे, आणि म्हणून आजच्या समीक्षकाला ती सबब राहिलेली नाही.

प्रथम क्वेन्याची वर्णव्यवस्था पाहावी. स्वर पाच, ऱ्हस्व आणि दीर्घ. शब्दाचा शेवट स्वराने होतो, किंवा न, र, ल, स, त यांपैकी एखाद्या व्यंजनाने. अन्य व्यंजनांना शब्दान्ती जवळजवळ मज्जाव आहे. शब्दारंभी व्यंजनसंयोग फारच थोडे आणि तेही य किंवा व यांच्या साह्याने झालेले. आघात लॅटिनप्रमाणे उपान्त्य अक्षरावर, आणि ते लघु असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. सर्वांत लक्षणीय निर्बंध घोष स्पर्शांचा आहे. ब, द, ग हे ध्वनी क्वेन्यात मोकळेपणाने येतच नाहीत. ते येतात ते आपापल्या वर्गाचे अनुनासिक पुढे घालून : म्ब, न्द, ङ्ग. द हा आणखी ल आणि र यांच्यामागून येतो, एवढीच सवलत. शब्दान्तीच्या व्यंजनांची ही यादी फिनिशमधील यादीशी जुळते, आणि ब-ग यांचा दुष्काळही फिनिशला परका नाही. परंतु फिनिशचे स्वरसंवादाचे तत्त्व, तिचे ओठ गोल करून उच्चारावयाचे पुढचे स्वर, तिची व्यंजनांची चढउतार, यांपैकी काहीही क्वेन्याने घेतलेले नाही. तेव्हा हे अनुकरण नसून निवड आहे, आणि निवडीमागे एक रुचि आहे. रुचीचे विश्लेषण करणे हे तर समीक्षेचे कामच होय.

या ठिकाणी भारतीय वाचकाला एका जुन्या ग्रंथाची आठवण होणे अपरिहार्य आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या आठव्या उल्लासात माधुर्य गुणाला अनुकूल वर्ण सांगितले आहेत. ट-वर्ग वगळून बाकीचे स्पर्श, आणि तेही डोक्यावर आपापल्या वर्गाचे अनुनासिक धारण केलेले. शिवाय ऱ्हस्व स्वराने युक्त र आणि ण. समास नाहीत किंवा मध्यम. अकराव्या शतकातील काश्मिरी आचार्याने शृंगार, करुण आणि शान्त यांसाठी जी वर्णरचना योग्य ठरविली, तिच्यातील मुख्य अट आणि ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाने आपल्या अमर एल्फ लोकांच्या तोंडी घातलेल्या भाषेचा मुख्य निर्बंध यांत विलक्षण साम्य आहे. टोल्कीन यांनी मम्मट वाचला होता असे सुचविण्याचा येथे मुळीच हेतू नाही. साम्य आहे ते कानाचे. अनुनासिकाच्या आधाराने आलेला घोष स्पर्श ओठांवर किंवा दातांवर एकदम फुटत नाही. नाकातील घुमारा आधी त्याची वाट मऊ करतो. ‘अङ्ग’, ‘चन्द्र’, ‘बिम्ब’ या शब्दांचा जो मृदू भार संस्कृत कवींनी वापरला, तोच क्वेन्याच्या ‘अंगा’ (लोखंड), ‘अंदो’ (द्वार), ‘उंबार’ (दैव) या शब्दांत आहे. मम्मट आणखी असेही सांगतो, की माधुर्य संभोगशृंगारापेक्षा करुणात, विप्रलंभात आणि शान्तात चढत्या प्रमाणात असते. क्वेन्या ही टोल्कीनच्या कथाकाळात बोलण्याची भाषा उरलेलीच नाही. ती निरोपाची, आवाहनाची आणि विलापाची भाषा आहे. तिचा सर्वांत मोठा सलग नमुना गालाद्रिएल या राणीच्या तोंडचा विलाप आहे, हे या दृष्टीने अर्थपूर्ण वाटते.

साम्य पुरतेपणी जुळते असे मात्र नव्हे. त्याच व्यंजनाचे द्वित्व मम्मट ओजाकडे ढकलतो. क्वेन्यात तर त्त, स्स, ल्ल यांची रेलचेल आहे. ‘ह्’ आणि ‘त’ यांचा संयोगही तिथे वारंवार येतो आणि तो कोणत्याही आलंकारिकाने मधुर म्हटला नसता. फिनिशच्या प्रेमाने येथे रुचीवर मात केली असे म्हणावयास हरकत नाही.

याच न्यायाने दुसरे टोक तपासता येते. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात श, ष, रेफयुक्त संयोग आणि ढकार यांची विपुलता शृंगाराला विरोधी ठरविली, पण लगेच पुस्ती जोडली, की तेच वर्ण बीभत्सादि रसांत योजले असता त्या रसाला दीप्तच करतात. टोल्कीनच्या कथेतील खलनायक साउरॉन याची ‘काळी भाषा’ जणू या पुस्तीचे उदाहरण म्हणून लिहिली आहे. क्वेन्यात जे घोष स्पर्श अनुनासिकाच्या पदराआड वावरतात, ते येथे उघडे आणि उद्दाम आहेत. झ्ग, घ्, क्र असे संयोग आहेत. उपलब्ध नमुन्यांत ‘ए’ हा स्वर आढळत नाही आणि ‘उ’ सर्वत्र घुमतो. एल्राँदच्या सभेत गँडाल्फ ही भाषा उच्चारतो तेव्हा एल्फ कान झाकून घेतात. एका चाहत्याने या भाषेतील अंगठीलेख कोरलेला पोलादी चषक टोल्कीनना भेट पाठविला होता; त्यांनी तो पिण्यासाठी कधीच वापरला नाही, तंबाखूची राख झाडण्यासाठी वापरला. हा निव्वळ विनोद मानावा की वर्णांच्या सामर्थ्यावरील श्रद्धा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

येथवर आलेला विचार सुखद आहे, आणि म्हणूनच धोक्याचा आहे. काही वर्ण स्वभावतः मधुर, काही स्वभावतः कठोर, असे मानले की टोल्कीनचे यश वर्णांच्या चांगल्या खरेदीत जमा होते. त्यांनाही हा मोह होताच. १९५५ मध्ये ऑक्सफर्डला दिलेल्या ‘इंग्रजी आणि वेल्श’ या व्याख्यानात त्यांनी ‘सेलर डोअर’ हे इंग्रजी शब्दयुग्म, अर्थ बाजूला ठेवला तर, बहुतेक इंग्रजी भाषकांना सुंदर वाटते असे म्हटले. मराठी कानाला त्यात तळघराच्या दरवाजापलीकडे काही ऐकू येईल असे वाटत नाही. उलट मराठीचे जे हळुवार शब्द आहेत, जिव्हाळा, लळा, सावळा, कोवळा, त्यांचा प्राण असलेला ‘ळ’ टोल्कीनच्या कोणत्याही एल्फ भाषेत नाही. मूर्धन्य वर्णांची पंक्तीच तिथे वर्ज्य आहे. याहून बोलके उदाहरण दुसऱ्या एका कल्पित भाषेचे आहे. मार्क ओक्रांद यांनी ‘स्टार ट्रेक’ चित्रपटांतील क्लिंगॉन या लढाऊ परग्रहवासीयांसाठी जी भाषा रचली आणि जिचा कोश १९८५ मध्ये निघाला, तिच्यात ती परकी आणि रांगडी वाटावी म्हणून ‘ड’ आणि ‘ष’ हे मूर्धन्य ध्वनी घातले. अमेरिकन प्रेक्षकाला जो उच्चार परग्रहावरचा वाटला, तो नांदेडचे वा बेळगावचे मूल बोबडे बोल संपताच करू लागते. कठोरता वर्णात किती आणि ऐकणाऱ्याच्या सवयीत किती, हे यावरून कळून यावे.

मम्मटाला हा धोका ठाऊक होता. गुण हे वर्णांचे धर्म नाहीत, शौर्य जसे आत्म्याचे तसे गुण हे रसाचे धर्म आहेत, आणि वर्ण त्यांचे केवळ व्यंजक आहेत, अशी त्याची भूमिका आहे. आडदांड देह पाहून कोणी एखाद्याला शूर म्हणतो, तशीच वर्णांना मधुर म्हणण्याची बोली उपचाराची आहे. हा सिद्धान्त टोल्कीनच्या भाषांना लावला तर प्रश्न असा होतो : क्वेन्या आणि सिंदारिन यांच्या ध्वनींतून व्यक्त होणारे ते ‘आतले’ काय आहे? कारण ज्याला त्या भाषांचा एकही शब्द कळत नाही त्या वाचकालाही ती नावे पोकळ वाटत नाहीत. इतर अद्भुतकथांतील नादमधुर नावे पुस्तक मिटताच विरतात, ही टिकतात.

याचे उत्तर वर्णांच्या यादीत नसून वर्णांच्या इतिहासात आहे. टोल्कीन यांनी भाषा रचली नाही. त्यांनी आधी एक मूळ भाषा कल्पिली आणि मग तिच्यावर ध्वनिनियमांचे शतकानुशतके राज्य चालू दिले. झाडासाठी मूळ शब्द ‘गलदा’ असा कल्पिला आहे. क्वेन्याने शब्दारंभीचा ‘ग’ टाकला, मधला स्वर गिळला आणि ‘अल्दा’ केला. सिंदारिनने आरंभीचा ‘ग’ जपला, अंत्य स्वर गमावला आणि स्वरांमधला ‘द’ घासून मऊ केला. हंसाला एकीकडे ‘अल्क्वा’ म्हणतात, दुसरीकडे ‘अल्फ’. मूळचा क्व सिंदारिनच्या वाटेवर प-वर्गात उतरला, जसा लॅटिनच्या ‘क्विंक्वे’समोर वेल्शचा ‘पुंप’ उभा राहतो. सिंदारिनमध्ये वाक्यातील शेजाऱ्यामुळे शब्दाचे पहिलेच व्यंजन बदलते, प चा ब होतो, क चा ग होतो, ग तर नाहीसाच होतो. आणि अनेकवचन शब्दाच्या शेवटी न लागता त्याच्या पोटातील स्वर पालटते : ‘ओरोद’ म्हणजे पर्वत, ‘एरेद’ म्हणजे पर्वत अनेक. दोन्ही खोडी वेल्शच्या आहेत. पण प्राकृतांचा अभ्यास केलेल्या वाचकाला त्या अपरिचित नाहीत. संस्कृतातील दोन स्वरांमधला त शौरसेनीत द होतो आणि महाराष्ट्रीत लुप्तच होतो, हे व्यंजनाचे झिजणे त्याच जातीचे आहे. आणि महाराष्ट्रीच्या याच झिजेला प्राचीनांनी लालित्य मानले. राजशेखराने ‘कर्पूरमंजरी’त संस्कृत रचना परुष आणि प्राकृत रचना सुकुमार असल्याचे सांगितले ते यामुळेच. मात्र क्वेन्या ही संस्कृतासारखी आणि सिंदारिन ही तिची प्राकृत, असे समीकरण जे घाईने मांडले जाते ते चूक आहे. त्या मायलेकी नव्हेत, बहिणी आहेत. क्वेन्या समारंभाच्या आसनावर बसली ती वयाने वडील म्हणून नव्हे, तर हद्दपार होऊन आली म्हणून.

ध्वनींच्या या इतिहासाने कथेवर किती हुकमत गाजविली याचा एक पुरावा फार महत्त्वाचा आहे. सिंदारिन आज ज्या रूपात आहे ते रूप कित्येक वर्षे ‘नोल्दोरिन’ या नावाने, म्हणजे पश्चिमेच्या पुण्यभूमीतून हद्दपार झालेल्या नोल्दोर एल्फांची भाषा म्हणून, वावरत होते. परंतु नोल्दोर आणि क्वेन्याभाषक त्या पुण्यभूमीत एकत्रच नांदले होते. तेव्हा दोन भाषांत एवढे अंतर पडावयास काळ आणि वियोग कोठून आणावा? ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ पूर्ण होत असताना, १९५० च्या सुमारास, टोल्कीन यांनी भाषेचे नादरूप कायम ठेवून तिचे मालक बदलले. ती समुद्र न ओलांडता मध्यभूमीतच मागे राहिलेल्या सिंदार एल्फांची भाषा ठरली आणि नोल्दोरांनी ती नंतर उचलली. एका ध्वनिनियमाला पुरेसा काळ मिळावा म्हणून एका जमातीचा इतिहास फिरविला गेला. कथाकाराने कथानकाच्या सोयीसाठी भाषा वाकविल्याची उदाहरणे पुष्कळ सापडतील. उलट उदाहरण हे असे क्वचितच.

या सर्व विवेचनाचा कळस, आणि या भाषांच्या साहित्यगुणाचा निर्णायक पुरावा, टोल्कीन यांनी १९६८ च्या सुमारास, वयाच्या शहात्तरीत लिहिलेल्या एका प्रबंधात आहे. तो १९९६ मध्ये त्यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी संपादिलेल्या अखेरच्या खंडात छापला गेला. त्याचे शीर्षक ‘फेआनोरचे शिबोलेथ’ असे आहे. शिबोलेथ हा शब्द बायबलमधील ‘शास्ते’ या ग्रंथातला. यार्देनच्या उतारावर गिलादी लोक पळपुट्या एफ्राइमींना हा शब्द म्हणावयास लावीत आणि ज्याच्या तोंडून श ऐवजी स येई त्याला ठार करीत. टोल्कीनच्या प्रबंधाचा विषय थ चा स कसा झाला एवढाच आहे, आणि पाहता पाहता त्याची शोकांतिका होते.

फिन्वे राजाची पहिली राणी मीरिएल. तिला ‘थेरिंदे’, म्हणजे कशिदाकाम करणारी, असे नाव होते. तिच्या हयातीतच नोल्दोरांत थ चा स होऊ लागला होता, पण तिने आपला थ सोडला नाही आणि आपले नावही लोकांनी थ नेच उच्चारावे अशी तिची इच्छा होती. फेआनोरच्या जन्मानंतर तिची प्राणशक्ती सरली आणि ती गेली. राजाने इंदिसशी दुसरा विवाह केला. इंदिस ज्या वान्यार कुळातली होती त्या कुळात थ शाबूत होता; तरीही सासरी आल्यावर तिने सासरचा स स्वीकारला. सौजन्याने केलेली ही गोष्ट सावत्र मुलाच्या मनात शल्य होऊन राहिली. ‘सेरिंदे’ हा प्रत्येक उच्चार फेआनोरला आईचे नाव पुसणारा वाटू लागला. तो नोल्दोरांतील सर्वश्रेष्ठ भाषाविद होता. थ हाच शुद्ध, हे त्याचे म्हणणे शास्त्रदृष्ट्या चुकीचे नव्हते. पण त्याने शास्त्राला गाऱ्हाण्याचे शस्त्र केले, आपल्या पुत्रांना थ शिकविला आणि स म्हणणाऱ्यांत वैरी पाहिला.

या प्रसंगाचे मर्म एल्फांच्या अमरत्वात आहे, आणि तिकडे समीक्षकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. मनुष्यांत ध्वनिपरिवर्तन निमूटपणे होते, कारण जुना उच्चार करणारी पिढी मरून जाते. नव्या पिढीला काही हरवले याची खबरही नसते. एल्फांत जुना उच्चार ज्यांनी ऐकला ते सगळे जिवंत आहेत. तिथे एखादा वर्ण नकळत जाऊ शकत नाही; त्याला कोणीतरी जाणूनबुजून सोडावे लागते. म्हणून अशा समाजातील ध्वनिनियम हा निसर्गनियम राहत नाही, तो निष्ठेचा प्रश्न बनतो. आणि मीरिएल ही तर मरण पावणारी विरळा एल्फ! जी स्वतः नाही तिच्या नावातला वर्णही जावा, हे दुःख तर्काने शमण्यासारखे नाही. व्युत्पत्तिकोशात इसिल आणि इथिल ही जोडी १९३७-३८ पासून शेजारी शेजारी मांडलेली होती. जवळजवळ तीस वर्षांनी त्या कोरड्या नोंदीतून एका पोरक्या मुलाचा हट्ट निघाला. हे कारागिरीच्या आरंभी ठरविता येत नाही. भाषा पुरेशी खरी झाली तरच ती आपल्या कर्त्याला असे काही सांगू शकते.

उच्चारावरून माणसाची पारख करण्याचा व्यवहार मराठीलाही नवा नाही. ‘पाणी’ म्हणणाऱ्याने ‘पानी’ म्हणणाऱ्याला अशुद्ध ठरवावे, आणि त्याच वेळी स्वतःच्या तोंडातून ष केव्हाच जाऊन त्याचा श झाला आहे याची त्याला शुद्ध नसावी, हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. फेआनोरच्या बाजूने बोलावयाचे तर त्याला निदान आपण कोणता वर्ण का जपतो हे ठाऊक होते.

काळ्या भाषेकडे आता पुन्हा पाहिले म्हणजे तिचे वैगुण्य वेगळ्या प्रकाशात दिसते. परिशिष्टात सांगितल्याप्रमाणे ती भाषा साउरॉनने आपल्या सर्व सेवकांसाठी स्वतः घडविली आणि सर्वांवर लादण्याचा त्याचा बेत फसला. म्हणजे कल्पित विश्वातही कल्पित असलेली हीच एक मोठी भाषा. तिला मूळ भाषा नाही, बहिणी नाहीत, झीज नाही, भांडण नाही. तिचे वर्ण बीभत्साला अनुकूल आहेत हे खरे, पण कठोर वर्ण दुष्टांच्या वाट्याला घालण्याची ही वाटणी टोल्कीनच्या कृतीतील सर्वांत सोपी, आणि नैतिक दृष्ट्या सर्वांत कच्ची, जागा आहे. ‘नझ्ग’, म्हणजे अंगठी, या शब्दामागे गेलिक भाषेतील ‘नास्क’ नकळत आला असावा, असे त्यांनी स्वतःच १९६७ मध्ये एका पत्राच्या मसुद्यात लिहिले. गेलिकचा नाद त्यांना रुचत नसे, हेही ते मान्य करीत. एका माणसाच्या कानाची नावड एका जमातीचे दुष्टत्व बनते तेव्हा आनंदवर्धनाची पुस्तीही तिला वाचवू शकत नाही. कारण रसाला दीप्त करणे निराळे आणि भाषकांवर शिक्का मारणे निराळे.

भारतीय अनुवादकापुढे या भाषा येतात तेव्हा देवनागरीचा एक अनपेक्षित लाभ होतो. टोल्कीन यांनी एल्फांसाठी जी ‘तेंग्वार’ लिपी रचली तिची मांडणी रोमन वर्णमालेसारखी विस्कळीत नाही. उभे स्तंभ उच्चारस्थानाचे, दंत्य, ओष्ठ्य, कंठ्य आणि ओठ गोल करून उच्चारलेले कंठ्य; आडव्या ओळी प्रयत्नाच्या, अघोष स्पर्श, घोष स्पर्श, अघोष घर्षक, घोष घर्षक, अनुनासिक आणि त्यांखाली शिथिल ध्वनी. अक्षराची कमान दुहेरी केली की ध्वनी घोष होतो, दांडा वर नेला की घर्षक. स्वर बहुधा मात्रांसारखे व्यंजनावर बसतात. पाणिनीय परंपरेत वाढलेल्या वाचकाला ही वर्गमाला घरची वाटावी. क्वेन्या लिहिताना घोष स्पर्शांच्या ओळीतील अक्षरे न्द, म्ब, ङ्ग अशीच वाचली जातात. मम्मटाची अट येथे लिपीतच कोरलेली आहे, आणि मराठीचा अनुस्वार ती एका बिंदूने पाळतो.

अडचण घर्षकांची आहे. मराठी लेखनात इंग्रजीतील तो ध्वनी थ ने दाखविण्याचा प्रघात असल्यामुळे ‘इथिल’ लिहिणे भाग पडते, आणि मग थ चा स का व्हावा हे मराठी वाचकाला उमगत नाही. कारण मराठी थ हा स चा शेजारी नाही. ग्रीकच्या लाकोनियन बोलीत घर्षक झालेल्या थीटाचा स झाला होता, हा दाखला टिपेत देता येतो, पण कानाला पटवून देता येत नाही. ‘गलदा’पासून आलेल्या सिंदारिन शब्दाचा अंत्य घोष घर्षक तर आणखी पेचाचा : ‘गलध’ लिहावे तर नको असलेला महाप्राण येतो, ‘गलद’ लिहावे तर ज्या बदलामुळे तो शब्द सिंदारिन ठरतो तो बदलच पुसला जातो. ‘पार्थ गालेन’ या स्थलनामात पार्थ म्हणजे हिरवळ, हे वाचून भारतीय वाचक क्षणभर कुरुक्षेत्रावर जाऊन येणार, हे गृहीतच धरावे. ‘सेलेबोर्न’ लिहिण्याचा दोष मात्र अक्षम्य आहे, कारण रोमन लिपीतील ते अक्षर या भाषांत नेहमीच क असते, आणि टोल्कीन यांनी तसे स्वच्छ सांगितले आहे.

यांहून सूक्ष्म धोका नीटनेटकेपणाचा आहे. एकाच चंद्राला दोन नावे का, अशा शंकेने एखादा दक्ष संपादक इसिल्दुरचे नगर ‘मिनास इसिल’ करून टाकील, किंवा राजपुत्रालाच ‘इथिल्दुर’ करील. सिंदार एल्फांचा राजा थिंगोल याने क्वेन्या बोलण्यास आपल्या राज्यात बंदी केली. त्याच्या स्वतःच्या नावाचे क्वेन्या रूप ‘सिंगोल्लो’ आहे, आणि त्याच्या प्रजेचे ‘सिंदार’ हे नावही मुळात थ नेच सुरू होत होते. यांतील प्रत्येक विसंगती ठेवलीच पाहिजे. टोल्कीन यांनी लिपीच्या कोष्टकातही ती ठेवली आहे. परिशिष्टातील तेंग्वारच्या तिसऱ्या ओळीतील पहिल्या अक्षराला दोन नावे दिली आहेत, ‘थूले’ आणि ‘सूले’. अर्थ एकच, चैतन्य. दोन्ही नावे शेजारी शेजारी छापलेली आहेत आणि कोणते शुद्ध हे तिथे सांगितलेले नाही.